संधिसाधू कोण?



'संधिसाधू' हा शब्द तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे. निवडणुकीचा हंगाम आला, की वर्तमानपत्रांतून तो रोज भेटतो. या पक्षातून त्या पक्षात उडी मारणाऱ्या पुढाऱ्याला लोक संधिसाधू म्हणतात. हाच शब्द वैद्यकशास्त्रातही आहे, हे मात्र तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? काही जंतू असे असतात, की ते धडधाकट माणसाला सहसा काही करीत नाहीत. त्याच्या नाकातून आत जातात, काही दिवस मुक्काम करतात आणि निमूटपणे नाहीसे होतात. पण ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे अशा माणसाच्या शरीरात तेच जंतू शिरले, तर त्याच्या जिवावर उठतात. अशा आजारांना 'संधिसाधू संसर्ग' म्हणतात. मराठीत हा शब्द आता रुळला आहे आणि तो बदलावा असे मी म्हणणार नाही. परंतु या शब्दामुळे सारा दोष जंतूच्या माथी जातो आणि त्याला संधी दिली कुणी, हा प्रश्न मागे पडतो, अशी माझी तक्रार आहे. ती तुमच्यापुढे आणि तुमच्या शिक्षकांपुढे मांडण्यासाठी हा लेख.

आधी फुप्फुसाकडे पाहू या. हृदय, यकृत, मूत्रपिंड हे अवयव शरीराच्या आत बंदोबस्तात असतात. फुप्फुसही छातीच्या पिंजऱ्यात असते खरे, पण त्याचा दरवाजा बाहेर उघडतो आणि तो जन्मापासून मरेपर्यंत बंद होत नाही. दिवसभरात आपण १०,००० लिटरहून अधिक हवा आत घेतो. फुप्फुसातील वायुकोशांची संख्या काही कोटींत जाते, आणि ते सगळे उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. कबड्डीचे मोठ्यांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. म्हणजे त्या मैदानाचा निम्मा भाग आणि वर थोडा. या एवढ्या विस्ताराची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असते. भिंतीच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला रक्त. प्राणवायू पलीकडे जावा म्हणून भिंत पातळ ठेवावी लागते, आणि भिंत पातळ म्हणजे धोका आलाच.

आता हवेत काय काय असते ते पाहा. पावसाळ्यात कोनाड्यात पडून राहिलेल्या चामड्याच्या चपलेवर किंवा डब्यात विसरलेल्या भाकरीच्या तुकड्यावर बुरशी धरलेली तुम्ही पाहिली असेल. बुरशीच्या अनेक जातींपैकी 'ॲस्परजिलस' ही एक जात. इ. स. १७२९ मध्ये मिकेली नावाच्या इटालियन धर्मोपदेशकाने तिला हे नाव दिले. तो वनस्पतिशास्त्रज्ञही होता. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचा तुरा पाहून त्याला चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडण्याचे जे साधन असते त्याची आठवण झाली, आणि त्या साधनाचेच नाव त्याने बुरशीला देऊन टाकले. या बुरशीची एक जात उकिरड्यात, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात चांगली वाढते. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉन आकाराचे, म्हणजे थेट वायुकोशापर्यंत पोहोचावेत इतके बारीक असतात. असे शेकडो बीजाणू आपण सगळेच दररोज श्वासावाटे आत घेतो. हे वाक्य वाचताना तुम्ही जो श्वास घेतलात त्यातही एखादा गेला असेल.

मग आपण आजारी का पडत नाही? कारण वायुकोशांत पहारा असतो. तेथील भक्षक पेशी बीजाणूला गिळून टाकतात. त्यांच्या हातून एखादा निसटला आणि त्याला कोंब फुटून तंतू वाढू लागला, तर रक्तातील पांढऱ्या पेशींपैकी 'न्यूट्रोफिल' जातीच्या पेशी धावून येतात व त्या तंतूचा नाश करतात. निरोगी माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी काही हजार असतात. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असताना, औषधांच्या परिणामाने, ही संख्या ५०० च्या खाली येते आणि कधी कधी काही आठवडे तशीच राहते. मग उकिरड्यावरचा तो बीजाणू फुप्फुसात निर्वेधपणे रुजतो, त्याचे तंतू रक्तवाहिन्यांत घुसतात आणि फुप्फुसाचा तेवढा भाग मरतो. म्हणून अशा रुग्णांना गाळलेल्या हवेच्या खोलीत ठेवतात. रुग्णालयाच्या आवारात जुनी इमारत पाडण्याचे किंवा नवी बांधण्याचे काम निघाले, की धुळीबरोबर बीजाणू उडतात आणि या रुग्णांत असे आजार वाढतात, हा जगभरचा अनुभव आहे. त्या धुळीतून चालत जाणारा गवंडी मात्र ठणठणीत असतो. दोघांच्या छातीत गेलेला बीजाणू एकच.

परंतु माझे म्हणणे खऱ्या अर्थाने पटावे यासाठी तुम्हाला 'न्यूमोसिस्टिस' या दुसऱ्या एका कवकाची हकिगत सांगितली पाहिजे. विज्ञानाच्या इतिहासात इतका वेळ चुकीच्या नावाखाली वावरलेला जीव क्वचितच सापडेल!

इ. स. १९०९ मध्ये ब्राझीलमधील कार्लोस शागास या शास्त्रज्ञाला फुप्फुसात काही गोल कोष्ठ दिसले. तो त्या वेळी एका वेगळ्याच परजीवीच्या मागावर होता. त्याला वाटले, ही त्याच परजीवीची एक अवस्था असणार. पुढच्या वर्षी कारिनी याला उंदरांच्या फुप्फुसात तसेच कोष्ठ दिसले. त्याचीही तीच समजूत झाली. १९१२ मध्ये पॅरिसमधील देलानोए पति-पत्नींनी गटारातील उंदीर तपासले. त्या उंदरांत शागासचा परजीवी नव्हता, कोष्ठ मात्र होते. तेव्हा हा स्वतंत्र जीव आहे हे ठरले, त्याला कारिनीचे नाव मिळाले आणि तो आदिजीवांच्या, म्हणजे अमीबासारख्या एकपेशीय प्राण्यांच्या, यादीत जाऊन बसला. तो यादीत निवांत पडून राहिला. उंदराच्या फुप्फुसातील एका निरुपद्रवी जिवाची चौकशी कोण करणार?

दुसरे महायुद्ध संपले. युरोपात अनाथालये भरून गेली. तेथील तान्ही मुले, विशेषतः अपुऱ्या दिवसांची आणि उपासमार झालेली मुले, एका विचित्र न्यूमोनियाने दगावू लागली. मुलाला धाप लागे, ओठ निळे पडत, आणि वायुकोश फेसाळ द्रवाने भरून जात. १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत वानेक व ऑटो यिरोवेत्स या चेकोस्लोव्हाकियातील शास्त्रज्ञांनी त्या फुप्फुसांत तोच जुना कोष्ठ दाखवून दिला. आज माणसातील जातीला यिरोवेत्सचेच नाव आहे; उंदराची जात वेगळी आहे हे नंतर कळले. अनाथालयांतील मुलांना पोटभर अन्न मिळू लागले आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. येथे थोडे थांबा आणि विचार करा. जंतू कोठेही गेला नव्हता. मुलांच्या ताटात अन्न आले होते, एवढेच!

यापुढची गोष्ट अमेरिकेतील. या न्यूमोनियावर 'पेंटामिडिन' नावाचे औषध चाले. आजार इतका दुर्मिळ, की ते औषध तेथे दुकानात मिळत नसे. अटलांटा येथील सरकारी रोगनियंत्रण केंद्राकडून मागवावे लागे. मागणी आली, की रुग्णाची प्रतिकारशक्ती कशामुळे कमी आहे याचीही नोंद होई. कुणाला कर्करोग असे, कुणाच्या शरीरात दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवलेले असे. ही नोंद ठेवण्याचे काम सँड्रा फोर्ड नावाच्या एका कर्मचारी बाई करीत. १९८१ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले, की तरुण पुरुषांसाठी मागण्या येत आहेत आणि कारणाच्या रकान्यात लिहायला काही नाही. त्यांनी ही गोष्ट वरिष्ठांच्या कानावर घातली. ५ जून १९८१ रोजी त्या केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांची माहिती छापून आली. पाचही जणांना हाच न्यूमोनिया झाला होता आणि त्यांतील दोघे मरण पावले होते. एड्सविषयी जगाने वाचलेला हा पहिला मजकूर. ज्या विषाणूमुळे हे घडत होते तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांना १९८३ मध्ये सापडला. म्हणजे फुप्फुसातील कवकाने आधी वर्दी दिली आणि खरा चोर दोन वर्षांनी हाती लागला. नोंदवही नीट ठेवण्याला कारकुनी काम म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी सँड्राबाईंची आठवण ठेवावी.

आणि हा जीव आदिजीव नसून कवक आहे हे कधी कळले? १९८८ मध्ये, त्याच्या आरएनएची घडण तपासल्यावर! त्याच्या आवरणात इतर कवकांत आढळणारे अर्गोस्टेरॉल नसते. त्यामुळे बुरशीवरची नेहमीची औषधे त्याला लागू पडत नाहीत. फसवणूक झाली ती त्यामुळेही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मुलांच्या रक्ताच्या तपासण्यांतून असे दिसले आहे, की तीन-चार वर्षांची होईपर्यंत बहुतेक मुलांच्या शरीरात हा जीव येऊन गेलेला असतो. तो माणसाकडून माणसाकडे हवेतून जातो. निरोगी माणसाच्या फुप्फुसात तो काही काळ राहतो आणि त्या माणसाला खोकलासुद्धा येत नाही. याचा अर्थ काय होतो? एचआयव्हीची बाधा झालेल्या मुलाशेजारी बसायचे नाही, त्याचा डबा वेगळा, त्याचे बाक वेगळे, असे जे शहाणपण आपल्याकडे काही शाळांत व घरांत चालत आले, ते पूर्ण उलटे होते. शेजारी बसल्याने, खोकल्याने किंवा डबा वाटून खाल्ल्याने एचआयव्ही पसरत नाही. हवेतून काही जायचेच असेल, तर ते तुमच्या-आमच्या निरोगी फुप्फुसातून त्याच्या दुबळ्या फुप्फुसात जाण्याची भीती अधिक. त्या मुलापासून आपल्याला धोका नव्हता. आपल्यापासून त्याला होता. आता कायद्यानेही या भेदभावाला बंदी आहे. एचआयव्हीबाधितांच्या संरक्षणाचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला आहे. पण कायद्याने बाक एकत्र येतात, मने येतातच असे नाही.

या रोगांवर उपाय नाहीत असे समजू नका. अमेरिकेतील मेंफिस येथे वॉल्टर ह्यूज या डॉक्टरांनी कर्करोगाने आजारी असलेल्या १६० मुलांवर एक प्रयोग केला व १९७७ मध्ये तो प्रसिद्ध केला. ८० मुलांना कोट्रायमॉक्साझोल हे स्वस्त औषध आजार होण्यापूर्वीच रोज दिले, ८० मुलांना दिले नाही. न दिलेल्यांपैकी १७ मुलांना न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया झाला. दिलेल्यांपैकी एकालाही झाला नाही. तेच औषध आजही वापरतात. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीवरील औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. ती नियमित घेणाऱ्या माणसाची प्रतिकारशक्ती बऱ्याच अंशी सावरते आणि संधिसाधू जंतूची संधी हुकते.

आपल्या देशात मात्र ही संधी सर्वांत जास्त साधतो तो क्षयाचा जंतू. आणि येथेच माझी पाठ्यपुस्तकाशी थोडी तंट्याची बाब आहे. एका शाळेतील नववीची उत्तरपत्रिका माझ्या पाहण्यात आली होती. 'क्षयरोग कशामुळे होतो?' या प्रश्नाला एका मुलीने लिहिले होते, 'क्षयाच्या जंतूमुळे आणि पोटाला कमी मिळाल्यामुळे.' तपासणाऱ्याने उत्तराच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर लाल रेघ मारून एक गुण कापला होता! नमुना उत्तरात तो भाग नव्हता. नमुना उत्तर चूक नाही. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू दाखवला, तेव्हापासून ते सिद्धच आहे. पण जगातील सुमारे चौथा हिस्सा माणसांच्या शरीरात हा जंतू केव्हा ना केव्हा शिरलेला असतो, आणि अशा शंभर माणसांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यभरात क्षय होतो. उरलेल्या नव्वद जणांचे काय? जंतू तर त्यांच्यातही गेला. नमुना उत्तराला या नव्वद जणांविषयी काही सांगता येत नाही. त्या मुलीच्या उत्तराला येते.

तिची बाजू घेणारा पुरावाही आपल्याच देशात मिळाला आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत क्षयाचे २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरांतील दहा हजारांवर माणसे यांच्यावर एक अभ्यास झाला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व रुग्णांना धान्य दिले. निम्म्या गटातील घरांत मात्र रुग्णाच्या कुटुंबीयांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या कुटुंबीयांना हे अन्न मिळाले, त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरले. लस नाही, नवे औषध नाही, वरणभात. शिक्षकांना माझी विनंती आहे, की 'जंतूमुळे रोग होतो' हे वाक्य शिकवताना त्यापुढे पूर्णविराम देऊ नका. स्वल्पविराम द्या आणि 'कुणाला?' असे विचारा.

संधी आपण आपल्या हातानेही देतो, याचे उदाहरण तुम्ही स्वतः पाहिलेले आहे. २०२० मध्ये कोविडच्या ज्या रुग्णांना प्राणवायू द्यावा लागत होता त्यांच्यासाठी स्टेरॉइड हे औषध वरदान ठरले. कृत्रिम श्वासावर असलेल्यांतील मृत्यू त्याने सुमारे एकतृतीयांशाने घटवले. पण स्टेरॉइड काम करते ते प्रतिकारशक्तीला आवर घालूनच. ते गरज नसलेल्यांनी घेतले, जास्त दिवस घेतले, रक्तातील साखर न तपासता घेतले. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसची साथ उसळली. ही बुरशीसुद्धा माती, शेण, सडका पाला यांत नेहमीच असते. ती नाकातून डोळ्यांपर्यंत, कधी फुप्फुसात पसरते. देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, चार हजारांवर माणसे दगावली. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्र व गुजरात या राज्यांत होते. त्याला 'काळी बुरशी' असे भेसूर नाव देऊन लोक बुरशीला शिव्या देत राहिले. औषधाच्या चिठ्ठीकडे आणि रक्तातील साखरेकडे फार थोड्यांनी पाहिले. आजही अंगावर खाज आली, दम लागला, की दुकानातून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड आणणारी माणसे आपल्या ओळखीत असतात. अर्थात, डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मनानेच एकदम बंद करणे हेही तितकेच घातक असते, हे या जागी सांगून ठेवतो. नाही तर हा लेख वाचून कुणी तरी आजोबांच्या गोळ्या फेकून द्यायचा!

दुबळ्या प्रतिकारशक्तीची माणसे कुठे तरी दूर, रुग्णालयात असतात असे आपल्याला वाटते. तसे नाही. तुमच्या वर्गातील एखादी मुलगी वर्षभर दिसली नव्हती आणि आता टोपी घालून, तोंडाला मास्क लावून परत आली आहे. तिच्या रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार अजून चालू असतील. गणिताच्या सरांना भावाने मूत्रपिंड दिले असेल. ते शरीराने नाकारू नये म्हणून सरांना जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. घरी मधुमेही आजी आहे, पाळण्यात महिन्याचे बाळ आहे. तुम्हाला दोन दिवस शिंकांनी हैराण करणारी सर्दी यांच्यापैकी एखाद्याला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते.

म्हणून शाळांतील एका जुन्या प्रथेविषयी स्पष्ट बोलतो. वर्षाच्या शेवटी शंभर टक्के हजेरीचे बक्षीस देतात. टाळ्या वाजतात. 'एकशे एक ताप असतानाही हा आला' असे कौतुकाने सांगितले जाते. मलाही पूर्वी या प्रथेत काही गैर वाटत नव्हते. पण तापाने फणफणलेला मुलगा पन्नास जणांच्या कोंदट वर्गात, खिडक्या लावून, दिवसभर खोकत बसला आणि त्यासाठी त्याला कपबशीचा संच मिळाला, हे आता मला बक्षीस देण्यासारखे वाटत नाही. शेजारच्या बाकावर ती टोपीवाली मुलगी होती. तिची हजेरी त्या वर्षी साठ टक्केही भरली नव्हती, आणि त्या साठ टक्क्यांसाठी तिने काय सोसले याची नोंद कोणत्याच पटावर नाही. हजेरीचे बक्षीस ठेवायचेच असेल, तर आजारपणाचे दिवस हिशेबातून वगळावेत. पालकाची चिठ्ठी पुरे. खोट्या चिठ्ठ्या येतील, तर दोन-चार येऊ द्याव्यात. ज्या मुलाचा अभ्यास बुडेल त्याला वही देण्याची पाळी वर्गात लावावी. आणि हवेसाठी खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पावसाची झड येत नसेल त्या बाजूच्या तरी.